मदत हवी आहे : ‘तरंगणे’ आणि ‘भरकटणे’ यांच्या मधले क्रियापद

मुंबईच्या किनाऱ्यावरील मासेमारीची माहिती देणाऱ्या फलकांचा मराठी मजकूर मी तपासत असून, एका क्रियापदापाशी काम अडले आहे. यंत्र बंद केलेली आणि नांगर न टाकलेली होडी ओहोटीच्या ओढीने सावकाश सरकत राहते, आणि नाखव्याला ते ठाऊक असते. किंबहुना त्याला तेच हवे असते. या हालचालीला नेमके काय म्हणावे?

‘तरंगणे’ म्हणजे न बुडता पाण्यावर राहणे. नांगरलेली होडी, बोया, नारळी पौर्णिमेला अर्पण केलेला नारळ हे सारे तरंगतात, मात्र त्यात जागा सोडण्याचा अर्थ येत नाही. ‘वाहत जाणे’ जवळचे वाटते, परंतु ते पुरातल्या ओंडक्याला अधिक शोभते. ‘वाहवत जाणे’ म्हणताच ताबा सुटल्याचा ठपका येतो, आणि ‘भरकटणे’ तर दिशाच हरवते. पतंग, गलबत आणि सभेतला वक्ता (हा विशेषतः) यांनाच ते लागू पडावे. ‘तरणे’ यात निभावून जाण्याचा भाव आहे.

डोल जाळ्याबाबत अडचण नाही, कारण ते एका जागी बांधलेले असते व भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते. खरा प्रश्न होडीसह प्रवाहाबरोबर सरकणाऱ्या जाळ्याचा आहे. त्याला नुसते ‘तरंगते जाळे’ म्हणणे मला अपुरे वाटते.

वेसावे, वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यांत यासाठी रुळलेले क्रियापद कोणास ठाऊक असल्यास, ते वाक्यात वापरून कळवावे, ही विनंती.