कवितेच्या तासाला मुलांनी चित्र काढावे का?

मराठीच्या बाई, नौपाडा (ठाणे)

आठवीच्या वर्गात कविता शिकवताना शिक्षकाने अर्थ सांगण्याआधी मुलांकडून चित्र काढून घ्यावे, असे माझे मत आहे, आणि त्यावर विरोधी मते ऐकण्यासाठीच हा धागा काढत आहे. चित्र म्हणजे प्रदर्शनातील तक्ता नव्हे. बालकवींची ‘औदुंबर’ मी शीर्षक न सांगता दोनदा मोठ्याने वाचते आणि मग मुलांना कोरा कागद, शिसपेन्सिल आणि दहा मिनिटे देते. रंग वापरायचे नाहीत, शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचे नाही.

त्या कागदांवर हमखास जे उतरते, ते शिक्षकाने पाहण्यासारखे असते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, पायथ्याशी घर आणि घराच्या दारापर्यंत जाणारी वाट, असे पहिलीपासून पाठ झालेले ‘निसर्गचित्र’ निम्मा वर्ग काढतो. कवितेत सूर्याचा पत्ताच नाही. चार घरांचे गाव पैल टेकडीकडे आहे आणि शेतमळ्यांतून अडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट दाराशी थांबत नाही, ती हिरव्या कुरणामधून काळ्या डोहाकडे जाते. ‘तुझी वाट कुठे चालली आहे आणि कवीची कुठे?’ एवढाच प्रश्न मी विचारते, आणि मूल पुन्हा ओळींकडे वळते. कविता ऐकताना मुलाने आपल्या मनातलेच काहीतरी ऐकले होते, हे तोंडी उत्तरात लपून राहते, कारण तोंडी उत्तर मार्गदर्शिकेतून पाठ करता येते. कागदावर ते लपत नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, कळवा

बाईंची तळमळ मान्य आहे, पण पद्धत मान्य नाही. लेसिंग या जर्मन विचारवंताने 1766 साली ‘लाओकून’ या ग्रंथात मांडलेला भेद येथे नेमका लागू पडतो: चित्र सर्व गोष्टी एकाच वेळी शेजारी शेजारी ठेवते, कविता त्या एकामागून एक आणते. ‘औदुंबर’ आठ ओळींची आहे आणि झाड येते आठव्या ओळीत. आधी झरा, मग गाव, मग वाट, मग डोह, मग लाटांवर पसरलेली छाया, आणि त्यानंतर पाण्यात पाय सोडून बसलेला तो औदुंबर! सात ओळी वाट पाहायला लावल्यामुळेच तो एवढा मोठा वाटतो. चित्रात तो पहिल्या क्षणापासून समोर उभा असतो, म्हणजे कवितेने जे राखून ठेवले होते, ते चित्र आल्या आल्या देऊन टाकते.

शिवाय सातव्या ओळीत जळ झाकोळून लाटांवर पसरते ती ‘गोड काळिमा’ आहे. शिसपेन्सिलीने काळिमा काढता येईल. गोडपणा कसा काढणार? जे चित्रात उतरत नाही ते मुलाच्या लेखी कवितेत नव्हतेच, असे होऊन बसते. ती दहा मिनिटे कविता तालात, एकत्र आणि मोठ्याने म्हणण्यात घालवावीत. आमच्या पिढीला कविता आयुष्यभर पुरल्या त्या कानामुळे.

चित्रकला शिक्षक, ऐरोली

दोन्ही मराठीचे शिक्षक बोलून झाले, आता ज्याच्या विषयाची सामग्री उसनी घेतली जात आहे त्यानेही बोलावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड इतर विषयांशी घालण्याचा आग्रह आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याचा अर्थ असा होतो की कवितेशेजारी फुले रंगवायची, फलकावर लावायची, छायाचित्र काढून धारिकेत ठेवायचे. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या ज्या शाळांत शंभराहून अधिक मुले आहेत, तेथे कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, तोही अंशकालीन. अशा परिस्थितीत ‘चित्रकला मराठीच्या तासाला होतेच’ असे म्हणून माझा तास काढून घेतला जाईल, ही भीती मला काल्पनिक वाटत नाही.

बाईंनी म्हटलेल्या त्रिकोणी डोंगरांचा दोष मात्र आमच्याकडेही येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत मुले झाड ‘पाहून’ काढण्यापेक्षा झाड ‘कसे काढायचे’ ते शिकतात. बाई चित्राला गुण देत नसतील, फलकावर लावत नसतील आणि चित्र सुंदर आहे असे म्हणतही नसतील, तरच माझा पाठिंबा आहे. ‘छान काढलेस’ हे दोन शब्द उच्चारले की पुढच्या वेळी मूल कवितेसाठी नव्हे, बाईंसाठी चित्र काढते.

पालक, नेरूळ

माझ्या मुलीला चित्र काढायला सांगितले की ती आधी रडवेली होते. कवितेत तिला गती आहे. म्हणजे तिला जे येते त्या तासात, जे येत नाही त्याची परीक्षा. हा न्याय मला समजत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा. निसर्गकविता सोडून संतकाव्याकडे या. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगाचे चित्र काढायला सांगितले तर वर्गातील सगळी मुले झाडाखाली वीणा घेऊन बसलेले कॅलेंडरवरचे तुकाराम काढतील. झाडे दिसतील, पण ती ‘सोयरी’ आहेत हे नाते दिसणार नाही. अभंग शेवटी जेथे पोहोचतो तो मनाशी संवाद आहे, आपलाच वाद आपणाशी. ते कोणत्या पेन्सिलीने काढायचे? आणि दहावीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहण चार गुणांचे असते. तेथे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये वाक्यांतच लिहावी लागतात.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी, वाशी

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जे शब्द सहभागींनी चित्र काढून नोंदवले ते, नुसत्या लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा त्यांना अधिक आठवले. विशेष म्हणजे चित्र चांगले येण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता, आणि काढायला अवघे काही सेकंद दिले तरी फायदा दिसला. नेरूळच्या पालकांच्या पहिल्या आक्षेपाला हे निदान अंशतः उत्तर आहे.

निवृत्त मराठी शिक्षक, कळवा

ताई, ते प्रयोग सुट्या शब्दांच्या याद्यांवर झाले. कविता ही शब्दांची यादी असती तर मी आजच पेन्सिली वाटल्या असत्या.

लोककलांची अभ्यासक, वर्तकनगर (ठाणे)

लेसिंगचा भेद येथे अंतिम मानला जात आहे, म्हणून आपल्याकडील दोन उदाहरणे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकच मोठे चित्र दाखवत नाहीत. त्यांच्या पोथीत चित्रांची माळ असते. गायन आणि निरूपण चालू असताना एकेक चित्र समोर येते आणि पुढचे तोवर झाकलेले राहते. म्हणजे राखून ठेवण्याची कला चित्रालाही साधते, फक्त चित्रे अनेक हवीत आणि ती क्रमाने यायला हवीत.

दुसरे उदाहरण ठाण्याच्या अगदी जवळचे. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत ज्या तालुक्यांना आपण ठाणे जिल्हा म्हणत होतो, तेथील वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढतात आणि त्याच लग्नाचे विधी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाण्यांतून चालवते. तेथे चित्र हे गाण्याचे भाषांतर नाही आणि गाणे हे चित्राची टीप नाही. दोन्ही एकाच कार्यासाठी उभी असतात. शाळेत आपण आधी कविता ‘पूर्ण’ करतो आणि मग चित्राला बोलावतो, म्हणून ते फुले रंगवण्यापुरते उरते. बाई अर्थ सांगण्याआधी चित्र काढून घेतात, ही त्यांच्या पद्धतीतली खरी महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल सरांनी अजून काही म्हटलेले नाही.

मराठीच्या बाई, नौपाडा (ठाणे)

चित्रकथींचा क्रम मी पुढच्या सत्रात उचलणार आहे. कागदाच्या चार घड्या घालून प्रत्येक घडीत दोनच ओळी द्यायच्या, पुढच्या ओळी वाचायच्याच नाहीत. चौथ्या घडीला झाड येईल तेव्हा मुलांना मागच्या तीन घड्या उघडून पाहाव्या लागतील की डोह आपण कुठे ठेवला आणि त्याच्या काठाला जागा उरली आहे का. सर ज्याला वाट पाहायला लावणे म्हणतात, ते येथे हाताला कळेल.

‘गोड काळिमा’ चित्रात येत नाही, हे तर मला हवेच आहे. काय काढता आले नाही, ते मुलांनी कागदामागे एका वाक्यात लिहायचे, असा माझा नियम आहे, आणि रसग्रहणाची पहिली खरी वाक्ये मला तेथेच सापडतात. नेरूळच्या पालकांसाठी: ज्यांना चित्र नको, त्यांनी बाण आणि नावे लिहून नकाशा काढला तरी चालतो. अभंगांबाबत त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ते मी मुलांकडून म्हणवून घेते, काढायला लावत नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, कळवा

कागदामागच्या वाक्याची कल्पना चांगली आहे, आणि चित्र अर्थाच्या आधी काढून घेण्याला माझी हरकत नाही. अर्थ सांगण्याची घाई तर मलाही कधीच आवडली नाही. पण मग चित्र काढूनच त्या वाक्यापर्यंत का जायचे, हे मला अजून कळलेले नाही. ‘वाट कुठे जाते?’ हा प्रश्न तीन वेळा कविता म्हणून झाल्यावर तोंडीही विचारता येतो, आणि ज्याने मार्गदर्शिका पाठ केली आहे त्याला त्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडत नाही. शिवाय चार घड्यांत कविता दोन-दोन ओळींनी थांबेल. ती वाहती चाल तुटल्यावर उरलेल्या तुकड्यांना मी बालकवींची कविता म्हणणार नाही. आधी सलग म्हणा, मग घड्या घाला, एवढे तरी करा.

मराठीच्या बाई, नौपाडा (ठाणे)

आधी सलग म्हटली तर झाड पहिल्याच वाचनात कळेल, सर, आणि मग तुमचाच पहिला आक्षेप उरतो. माझ्याकडे आठवीच्या दोन तुकड्या आहेत. एकीला सलग ऐकवून आणि दुसरीला घडीघडीने, असे दोन्ही करून पाहते आणि दोन्हींची कागदामागची वाक्ये येथे उतरवते.