ले मिझराब्ल: बॅरिकेडवरच्या पोरांचं सिनेमाने काय केलं?

तिसरी_घंटा:
व्हिक्टर ह्यूगोच्या फ्रेंच कादंबरीवरच्या संगीत नाटकाचा टॉम हूपरने केलेला २०१२चा सिनेमा पुन्हा पाहिला. जॅकमन-हॅथवेच्या अभिनयावर भरपूर बोलून झालंय, मला बोलायचंय बंडखोर म्होरक्या आँजोलरास आणि त्याच्या विद्यार्थी कंपूबद्दल. १९८५च्या लंडनच्या नाटकाच्या प्रयोगात ही पोरं जेवढी उंच वाटतात, तेवढी सिनेमात वाटत नाहीत. रंगमंचावर नेपथ्यकार जॉन नेपियरचा अवाढव्य बॅरिकेड, म्हणजे बंडखोरांनी रस्ता अडवायला रचलेला ढिगारा, गोल फिरतो आणि मागच्या बाजूला आँजोलरास लाल झेंड्यावर उलटा पडलेला दिसतो. बास. सिनेमात काय, तर गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या-टेबलांचा ढीग. शिवाय मुलं मरतायत कशासाठी? कितीतरी लोक ही १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती समजूनच बाहेर पडतात.

गल्लीतला_गावरोश:
अहो, गावरोश, तो रस्त्यावरचा पोरगा, आल्या आल्या गाऊन सांगतो की एका राजाला मारलं, आता दुसरा बसलाय, तोही तसलाच! १८३०च्या क्रांतीनंतर गादीवर आलेल्या लुई-फिलिपला मारलेला टोमणा आहे तो. आणखी काय, इतिहासाचा तास घ्यायचा?
ढीग छोटाच हवा. जून १८३२चा उठाव दोन दिवसांत चिरडला गेला. लोक खिडक्यांतून फर्निचर फेकून देतात आणि पोरं जिवाच्या आकांताने दारं ठोठावतात तेव्हा एकही उघडत नाही, हे नाटकात इतकं बोचत नाही. ‘डू यू हिअर द पीपल सिंग’ हे लोकांच्या हाकेचं गाणं हूपरने लोकांच्या लाडक्या जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेत नेलं, म्हणून तर ती बंद दारं मनाला लागतात.

तिसरी_घंटा:
पण लामार्क गेला कॉलराने. त्या वर्षी पॅरिसमध्ये हजारो माणसं कॉलराने मेली, गरीब वस्त्या धुमसत होत्या. गाण्यांत त्याचा मागमूस नाही. मग उरतं नुसतं भारावलेपण, आणि ते क्लोजअपमध्ये पोरकट दिसतं.

विंगेतली:
पोरकट आहेतच ती! म्हणून तर पाहवत नाही. कशावरच विश्वास नसलेला दारुडा ग्रांतेर शेवटी आपणहून आँजोलरासशेजारी बंदुकांसमोर जाऊन उभा राहतो. ह्यूगोच्या कादंबरीतला हा प्रसंग नाटकात गळाला होता, सिनेमाने परत आणला. तत्त्वासाठी नाही हो, मित्रासाठी मेला तो. मात्र पिता पिता मरणाचा अर्थ विचारणारं त्याचं कडवं कापलं, त्याला माफी नाही.

जुनं_खोड:
तुम्ही सगळे भारावलात. त्या कंपूतला मारियस वाचतो, आजोबांच्या हवेलीत परततो, लग्न करतो. रस्त्यावरचं रक्त धुतात त्या गल्लीतल्या बायका. हौस श्रीमंतांच्या पोरांची, फरशी घासायची दुसऱ्यांनी.

गल्लीतला_गावरोश:
आणि गावरोश? त्याला कुठली हवेली? मित्रांना काडतुसं हवीत म्हणून बॅरिकेडपलीकडे गेला, गोळी लागूनही गात राहिला. त्याच्या मढ्यावर जावेरसारखा कठोर पोलीस अधिकारी स्वतःचं पदक लावतो. त्यालाही हौसच म्हणणार का?