दुसरी किल्ली कोणाजवळ असावी?

बिऱ्हाडकरू

गेल्या आठवड्यात एका घरमालकांनी येथे 'घर भाड्याने देताना' या मथळ्याखाली अनुभवाचे बोल लिहिले. त्यांतील 'दुसरी किल्ली आपल्याजवळ ठेवावी आणि महिन्यातून एकदा न कळवता चक्कर मारावी, म्हणजे भाडेकरू शिस्तीत राहतो' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याखाली अनेकांनी 'उत्तम सल्ला' असा शेरा मारला आहे. मला तो उत्तम वाटत नाही आणि का वाटत नाही हे सांगायला थोडी जागा लागेल.

आमच्या मागच्या घराच्या मालकांनी हाच सल्ला तंतोतंत पाळला होता. एका दुपारी ताप आल्यामुळे मी कामावर न जाता आतल्या खोलीत झोपले होते. कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा नवरा लवकर परतला असे समजून मी पडून राहिले. बाहेर येऊन पाहते तो काका दोन अनोळखी गृहस्थांना आमचे न्हाणीघर दाखवत होते. 'अगं, तू घरीच आहेस होय? मला वाटलं, कोणी नसेल,' असे ते म्हणाले. म्हणजे कोणी नसताना येणे हे त्यांच्या लेखी अधिक सभ्यपणाचे होते! निदान फोन तरी करायचा, असे मी म्हटल्यावर 'स्वतःच्या घरी यायला फोन कशाला?' असे उत्तर मिळाले.

मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ मध्येच तो दिलेला आहे. परंतु वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन, ही अट त्याच वाक्यात आहे. न कळवता मारलेली चक्कर त्यात कोठे बसते, हे 'उत्तम सल्ला' म्हणणाऱ्यांनी सांगावे.

घरधनी

तो लेख माझा आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. ताई, तुमच्या मालकांनी परक्या माणसांना न सांगता आणले, हे चुकलेच. त्याची वकिली मी करणार नाही. पण एका माणसाच्या अडाणीपणावरून सगळ्यांना झोडपणे बरे नव्हे.

माझ्या घरात राहणारे जोडपे चार दिवस बाहेरगावी गेले, तेव्हा पाणी नसताना उघडलेला नळ तसाच राहिला होता. पाणी आले, मोरीचे तोंड कापडाने बुजलेले होते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या अंथरुणावर छत गळू लागले. त्या दोघांचे फोन बंद होते. माझ्याजवळ दुसरी किल्ली होती म्हणून दहा मिनिटांत पाणी बंद झाले. नसती तर दार फोडावे लागले असते आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा यावर येथे दुसरा धागा निघाला असता.

शिवाय एक गोष्ट येथे कोणी उच्चारत नाही. आपण जो करार करतो तो भाडेपट्टा नसून लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवाना करार, असतो. जागेचा ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो आणि राहणाऱ्याला केवळ वापराची परवानगी मिळते. अनेक मसुद्यांत तर मालक केव्हाही आत येऊ शकेल, असे स्पष्ट लिहिलेले असते आणि त्याखाली तुमचीच सही असते.

कलमकसाई

घरधनी, नळाची गोष्ट पटली. ताब्याची गोष्ट मात्र अर्धीच सांगितलीत.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे परवान्यामुळे जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, हे खरे. पण कागदावर 'परवाना' लिहिले की विषय संपला, असे नाही. करारातील शब्दांपेक्षा त्याचे सार काय आणि जागेचा अनन्य ताबा कोणाला दिला, हे पाहावे, अशी चर्चा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच एका हॉटेलच्या आवारातील जागेच्या खटल्यात केली आहे. अनन्य ताबा, म्हणजे इतरांना वगळून एकट्याचा ताबा, दिलेला दिसला तर राहणारा भाडेकरू ठरू शकतो. नेमक्या याच कारणाने जुन्या मसुद्यांत 'मालक केव्हाही येईल, दुसरी किल्ली त्याच्याकडे राहील' हे कलम घुसवले जात असे. ते पाहणीसाठी नव्हते; उद्या कोणी 'मी भाडेकरू आहे' असे म्हणाला तर न्यायालयाला दाखवण्यासाठी होते. लोकांनी ते कागदावरून उचलून दारापर्यंत नेले.

आणि कलम २८ मध्ये 'भाडेकरू' या शब्दाशेजारीच 'परवानाधारक' हाही शब्द आहे. त्यामुळे परवाना असला तरी आधी सूचना द्यावीच लागते.

वाड्याचा_वारस

हे सगळे कायदे तुम्हाला आज सुचतात. मालकांना किल्ली का लागते, ते आमच्या घराला विचारा. आजोबांनी ओळखीच्या एका गृहस्थांना दोन खोल्या परवान्यावर, केवळ विश्वासाने दिल्या होत्या. मुंबई भाडे कायद्याच्या १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना एका रात्रीत संरक्षित भाडेकरू करून टाकले. त्या खोल्यांत आज त्यांची तिसरी पिढी राहते. ते जे भाडे देतात त्याची पावती फाडायलाही मला लाज वाटते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर स्वतःच्याच वाड्याच्या जिन्याखाली संसार केला आणि शेवटी तेथेच गेले. तेव्हा 'मालक हद्द ओलांडतो' हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. हद्द आमची ओलांडली गेली आहे.

बिऱ्हाडकरू

तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटते आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. पण १९७३ च्या दुरुस्तीचा सूड माझ्या न्हाणीघरावर का उगवायचा?

कलमकसाई

वारस, तो काळ १९९९ च्या अधिनियमाने बराचसा मागे टाकला. परवान्याची मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी परवाना करार हाच तेथे निर्णायक पुरावा मानला जातो. आज मालकाचे संरक्षण त्या कागदात आहे, खिशातल्या किल्लीत नाही.

वाड्याचा_वारस

दुप्पट म्हणे! हातात केव्हा पडतात, तेही लिहा. आम्ही तर आता अकरा महिन्यांपुढे जातच नाही आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावाही लागत नाही. साधा स्टॅम्प पेपर पुरतो.

कलमकसाई

हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा वाचले आहे की आता संताप आवरत नाही. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, ही सूट नोंदणी अधिनियमातली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो वा अकरा दिवसांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून वाईट म्हणजे कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे पुन्हा वाडा जाऊ नये म्हणून धडपडणारा माणूस स्वतःच्या हाताने दार उघडे टाकून बसला आहे.

वाड्याचा_वारस

कायदा पाठ असलेल्यांना वाड्यात राहावे लागत नाही, एवढेच म्हणतो. (करार उद्या शोधून पाहतो.)

एकटा_जीव

धागा किल्लीचा होता, याची नम्र आठवण करून देतो. अकरा महिन्यांवर स्वतंत्र ग्रंथ होईल.

माझे मालक किल्ली वापरत नाहीत, कारण त्यांना तिची गरजच नाही. ते समोरच राहतात आणि त्यांनी आपल्या दारावर लावलेला कॅमेरा आमच्या दाराकडे वळवलेला आहे. माझ्याकडे कोण आले, किती वाजता गेले, याची नोंद मला महिनाअखेरीस भाड्याच्या निरोपासोबत मिळते. माझी सख्खी बहीण दोन दिवस राहून गेली, तर 'ओळखपत्र दाखवा' असा संदेश आला. आत पाऊल न टाकता घरात शिरता येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. याला कलम २८ लागते का, कलमकसाई?

कलमकसाई

पाहणीचे कलम येथे ओढूनताणून लावावे लागेल. कॅमेरा स्वतःच्या दारापुरता वळवा, असे लेखी कळवा. उत्तर काय येते ते पुढे उपयोगी पडते. सूचना न देता प्रत्यक्ष आत शिरण्याबाबत मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ पाहा. गुन्हेगारी अतिक्रमणाच्या व्याख्येत 'दुसऱ्याच्या ताब्यातील' मालमत्ता असे शब्द आहेत, मालकीचा उल्लेख नाही. अर्थात अपराधाचा, किंवा धाक घालण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो आणि 'मी भिंतीची ओल बघायला गेलो होतो' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मालकाचा हेतू कोण सिद्ध करणार, हा प्रश्न उरतोच.

घरधनी

बघा, शेवटी मालक गुन्हेगारच ठरला. दाराचा रंग उडाला, बेसिनला तडा गेला, भिंतीत बारा खिळे ठोकले, हे मला घर सोडण्याच्या दिवशी कळते आणि अनामत रकमेतून एक पैसा कापला की मी लुटारू. मग मध्ये एकदा पाहू नये?

बिऱ्हाडकरू

पाहावे की. आदल्या दिवशी कळवून या, आम्ही घरी असताना या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात चोवीस तास आधी कळवणे आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर न येणे, असे सुचवले आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे ते कोणी शिकवू नये. पण चोवीस तासांत मी भिंतीतले बारा खिळे उपटून भोके बुजवीन आणि वर रंगही देईन, अशी भीती असेल तर तुमचा माझ्या हातांवर फारच विश्वास आहे.

आणि नळासाठी किल्ली हवी हे मान्य, कारण मी खालच्या मजल्यावरही राहिले आहे. नव्या घरी आम्ही मालकीणबाईंना दुसरी किल्ली बंद पाकिटात दिली, चिकटवलेल्या जागेवर दोघींच्या सह्या केल्या आणि उघडावे लागले तर आधी फोन, तो न लागल्यास लगेच संदेश, असे लिहून ठेवले. दीड वर्षात पाकीट एकदाच उघडले गेले, तेही गॅसचा वास आल्याची तक्रार शेजाऱ्यांनी केली म्हणून.

घरधनी

पाकिटाची कल्पना वाईट नाही, हे नाइलाजाने लिहितो. 'न कळवता' हे दोन शब्द माझ्या लेखातून काढून टाकतो. 'शिस्तीत' हा शब्द मात्र राहील.

एकटा_जीव

त्या शब्दासाठी आणखी एक पाकीट लागेल.