मदत हवी आहे : डायलिसिसवर संशोधन कशावर व्हावं हे ठरवणाऱ्या बैठकीला जायचं आहे, तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

माझ्या नवऱ्याचं मध्य मुंबईतल्या एका केंद्रात आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं. तिथल्या नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) मॅडमनी पुढच्या महिन्यात एक बैठक ठेवली आहे. त्यांच्या विभागाने येत्या काही वर्षांत कोणत्या प्रश्नांवर संशोधन करावं, हे तिथे ठरणार आहे. डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर, आहारतज्ज्ञ, समाजसेवा विभागातल्या बाई असतीलच, पण काही रुग्ण आणि त्यांची घरची माणसंही असतील. घरच्यांपैकी मी यावं असं मॅडमनी सुचवलं आणि मी हो म्हटलं. आपल्यापैकी कोणी वैद्यकीय संशोधनात असेल, एथिक्स कमिटीवर (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवर) असेल किंवा टीबी-एचआयव्हीच्या रुग्णगटांत काम केलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

मॅडमनी वाचायला जे दिलं त्यातून एवढं कळलं : ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाची संस्था हे काम करते. एकेका आजाराचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे एकत्र येतात, अनुत्तरित प्रश्न गोळा करतात आणि शेवटी दहा प्रश्नांची यादी करतात. डायलिसिसबद्दल अशी यादी कॅनडात झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या दहांत अंगाच्या खाजेचा प्रश्न आहे! हे वाचलं आणि मी रात्री कितीतरी वेळ तेच धरून बसले. ह्यांना खाजेमुळे झोप नाही. विचारलं की ‘फॉस्फरस वाढला असेल, गोळ्या जेवणाबरोबर घ्या’ एवढंच उत्तर मिळतं. हा प्रश्न संशोधनाचा असू शकतो असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

मग मी वेटिंगमध्ये बसल्या बसल्या लोकांशी बोलायला लागले. किती प्रश्न आहेत हो लोकांकडे! मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसाला लिटरभर पाण्यात भागवायचं, तर तहान मारायची कशी? मीठ कमी करा म्हणतात, पण ज्यांचं जेवण पाव, लोणचं आणि सुकटीवर चालतं त्यांनी काय करायचं? भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी टाकायचं, हे पोटॅशियमसाठी आम्ही सगळ्या करतो, पण आपल्या पालेभाज्यांतून त्याने नेमकं किती कमी होतं? पैशांमुळे आठवड्यातून दोनदाच येणारे बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणाला दोनदा पुरतं आणि कुणाच्या जिवाशी येतं?

आणि पाऊस. सोमवार-बुधवार-शुक्रवार टर्न असलेल्यांचा शुक्रवारनंतर थेट सोमवार उजाडतो. या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे नेमक्या त्या सोमवारी रुळांवर पाणी भरलं आणि कुर्ल्याच्या पुढे गाडीच गेली नाही तर? विरार, बदलापूर, पनवेलहून येणारी माणसं आहेत. त्या दिवशी घरी बसून काय खायचं, काय टाळायचं, किती तास थांबणं ठीक आणि कधी जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये धाव घ्यायची? मला हा प्रश्न यादीत हवाच आहे. दुसऱ्या देशातलं कुणी आपल्यासाठी तो विचारणार नाही.

घरच्यांचे प्रश्न वेगळेच. किडनी द्यायची वेळ आली की पुढे बहुतेकदा आई किंवा बायको येते. तिच्या तब्येतीकडे दहा वर्षांनी कोण बघतं?

आता अडचणी. प्रश्न सगळ्यांकडून कसे गोळा करू? फॉर्म वाटला तर जे लिहू शकतात त्यांचेच प्रश्न येतील. पहाटेच्या शिफ्टला येणारे मुंब्र्याचे एक चाचा मान खाली घालून येतात आणि तसेच जातात, त्यांच्यापर्यंत कसं पोहोचू? शिवाय जिथलं मशीन आपल्याला जगवतं, तिथल्याच लोकांसमोर ‘मला हे पटत नाही’ म्हणायला माणसं घाबरतात, हे मी डोळ्यांनी बघते. ‘पाय फार ओढतात’ या वाक्याचा संशोधनाचा प्रश्न कसा करायचा? आणि ज्याचं उत्तर आधीच सापडलेलं आहे ते वेगळं कसं काढायचं? डॉक्टर मंडळी शंभर अभ्यास वाचून येतील, त्यांच्यापुढे आमचं वजन किती पडेल, हीसुद्धा धास्ती आहे.

जे सुचेल ते लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, परळ भागातच काम करते.

फॉर्म नकोच. फिश्चुलाचा, म्हणजे मशीनच्या सुया टोचतात तो हात चार तास हलवता येत नाही, तो उजवा असेल तर लिहिणार कसे? तोंडी विचारा आणि एकच प्रश्न विचारा : ‘डायलिसिसबद्दल असं काय आहे, ज्याचं नीट उत्तर तुम्हाला आजवर मिळालेलं नाही?’ मशीन लागून स्थिरस्थावर झालं की विचारायचं. शेवटच्या तासाला बीपी पडतं, गोळे येतात, तेव्हा कुणाला त्रास देऊ नये. विचारणारी व्यक्ती केंद्राच्या नोकरीतली नसावी, समाजकार्याच्या कॉलेजातली मुलं मिळाली तर उत्तम. नावं लिहू नका. ही माहिती पुढे छापणार असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी घेतली आहे का, हे मॅडमना आधी विचारा. त्यांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

‘पाय ओढतात’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. शेजारच्या रकान्यात डॉक्टरांच्या मदतीने त्याचा प्रश्न करा : ‘डायलिसिसच्या रुग्णांच्या पायांतल्या अस्वस्थतेवर कोणता उपाय चालतो?’ मूळ वाक्य मात्र शेवटपर्यंत समोर राहू द्या. नाहीतर घासूनपुसून झालेल्या प्रश्नात विचारणारा माणूसच उरत नाही. आधीचे अभ्यास तपासणं हे डॉक्टरांचं काम, ते तुम्ही डोक्यावर घेऊ नका.

प्रतिसाद २

मी स्वतः डायलिसिसवर आहे, टर्न मंगळवार-गुरुवार-शनिवार. ताई, थकव्याचा प्रश्न राहिला तुमचा. टर्नच्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या मुलीशी बोलूसुद्धा शकत नाही. डायलिसिसच्या संशोधनात काय काय मोजलंच पाहिजे हे ठरवण्यासाठी साँग नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला, त्यात रुग्णांना सामील केलं होतं. शेवटी जे चार मुद्दे ठरले त्यांत हृदयविकार, रक्त मशीनपर्यंत नेणाऱ्या फिश्चुलासारख्या मार्गांचे त्रास आणि मृत्यू यांच्या बरोबरीने थकवा आहे. हे बैठकीत जरूर सांगा.

एक सुचवतो. एसी फार थंड, खुर्ची मोडकी, पाळी उशिरा लागते, या तक्रारी वेगळ्या काढा आणि व्यवस्थापनाला द्या. संशोधनाच्या यादीत त्या आल्या तर यादीचं गांभीर्य जातं.

प्रतिसाद ३

वरच्या दादांचं थकव्याबद्दल अगदी खरं, तक्रारींबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ‘थंडी वाजते’ हेच घ्या. बीपी पडू नये, हृदयाला जपता यावं म्हणून डायलिसिसचं द्रावण थोडं थंड ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत ८४ केंद्रांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला : हृदयाला फायदा दिसला नाही आणि रुग्णांना थंडीचा त्रास मात्र जास्त झाला. म्हणजे जी कुरकुर वाटत होती तिच्यात संशोधनाचा प्रश्न होता. म्हणून आधी सगळं लिहून घ्या आणि गाळायचं काम रुग्णांसोबत बसून करा. मोडकी खुर्ची तेव्हा आपोआप बाजूला पडेल.

आता डॉक्टरांपुढे तुमचं वजन किती पडेल, त्याबद्दल. मी एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या कमिटीत किमान सात जण लागतात आणि त्यांत एक सामान्य माणूस असावाच लागतो. पण एकटं माणूस दबतं, हा माझा अनुभव. त्यामुळे रुग्ण आणि घरचे मिळून डॉक्टरांइतके तरी असावेत असा आग्रह धरा. जेम्स लिंड अलायन्सच्या अंतिम बैठकीत लहान मिश्र गट करतात, प्रत्येक गटाला तटस्थ सूत्रधार असतो आणि औषध कंपन्यांना मत नसतं. तुमच्याकडे कंपनी प्रायोजक आहे का, हे आताच विचारून घ्या. बैठक कुणाच्याही टर्नच्या दिवशी नको. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी देणार का? ब्रिटनमध्ये एनआयएचआर या सरकारी निधी देणाऱ्या संस्थेने रुग्णांच्या सहभागाच्या मोबदल्याचे दर जाहीर केलेले आहेत. मुंब्र्याच्या चाचांचा दिवस बुडवून त्यांना फुकट बोलावणं मला तरी योग्य वाटत नाही.

आणि यादी झाल्यावर तिचं काय होणार, कोण, कधी, कुणाला कळवणार, हे लेखी मागा. गुडघ्याच्या संधिवाताबद्दल २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. संशोधन बहुतांश औषधांवर चाललेलं, आणि रुग्णांना ते हवं होतं फिजिओथेरपी, शस्त्रक्रिया आणि आजाराशी जुळवून घ्यायच्या उपायांवर. यादी कपाटात राहिली तर आपल्याकडेही तेच चालू राहील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थकवा पहिल्या ओळीत लिहिला आहे, दादा, तुमच्याच शब्दांत, मुलीबद्दलच्या वाक्यासकट. चालेल ना?

मॅडमना आज फोन केला. कंपनीचा पैसा नाही. एथिक्स कमिटीकडे अर्ज गेलेला आहे. बैठक रविवारी घेऊ म्हणाल्या, रुग्णांची संख्याही वाढवणार आहेत. खर्चाचं विचारून सांगते म्हणाल्या, मी पाठपुरावा करेन. यादीचं पुढे काय होणार हे लेखी द्यायला त्या तयार आहेत, दर सहा महिन्यांनी वेटिंग रूममध्ये फळ्यावर लावायचं असं ठरतंय.

तक्रारी मी गाळणार नाही, आधी सगळ्या लिहून घेईन.

आता एकच मदत : पहाटेच्या शिफ्टला, साधारण सहा वाजता, रुग्णांशी हिंदी-उर्दूत आणि गुजरातीत निवांत बोलू शकेल असं कोणी आहे का? वैद्यकीय शिक्षण नको, ऐकून घ्यायची सवय हवी. सेंट्रल किंवा हार्बर लाईनवर राहणारे असतील तर सोयीचं पडेल. मला इथेच निरोप करा.