‘लग्न करा, डिपेंडंट टाका आणि निघा’ हा सल्ला देणं आता थांबवा

कागदपत्री (धागाकर्ता)

जोडीदार परदेशात आहे, त्याच्याकडे कसं जायचं, असा प्रश्न काल इथे आला. त्याखाली सगळ्यांनी उचलून धरलेला प्रतिसाद होता: “लग्न रजिस्टर करा, डिपेंडंट व्हिसा (जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेला) टाका, तीन महिन्यांत विमानात बसा. बाकी सगळं एजंटांची पोटं भरायला.” हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

तिथे गेलेला माणूस नागरिक आहे, पीआर (कायम रहिवासी) आहे, वर्क परमिटवर आहे की विद्यार्थी आहे, हे एकानेही विचारलं नाही. आणि सगळं ठरतं ते त्यावरच.

अमेरिका घ्या. एच-१बी (कुशल नोकरीचा व्हिसा) वाल्याचा जोडीदार एच-४ या डिपेंडंट व्हिसावर सहज जातो. कामाचं काय? मुख्य व्हिसाधारकाचा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल, तरच एच-४ वर ईएडी (कामाचा परवाना) मागता येतं. २०१५ पासून हेच आहे. कंपनीने ग्रीन कार्डची फाइल उघडलीच नसेल तर डॉक्टर असा नाहीतर इंजिनिअर, घरी बसावं लागतं. तोच माणूस एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) असता, तर जोडीदाराच्या आय-९४ वर (प्रवेशाची नोंद) एल-२एस, म्हणजे एल-१ वाल्याचा जोडीदार, असं लिहिलेलं असलं की वेगळ्या ईएडीशिवाय नोकरी करता येते. एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) तर नोकरीही नाही आणि पूर्णवेळ पदवीही नाही. शिवाय एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, ती दोघांना मिळून.

ब्रिटनमध्ये साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमासाठी जोडीदार नेताच येत नाही. संशोधन अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले तेवढे सुटले. नव्याने जाणाऱ्या केअर वर्करलाही ११ मार्च २०२४ पासून तीच बंदी आली, आणि जुलै २०२५ पासून तर बाहेरून नवी केअर वर्कर भरतीच बंद झाली. एजंट मात्र अजून ‘फॅमिलीसकट जा’ म्हणून सांगतात, आणि इथे आपण त्यांचंच काम फुकटात करतोय.

टोकदार

तो प्रतिसाद माझा होता, म्हणून उत्तर देतो. चार अडचणी मांडल्या म्हणून रस्ताच चुकीचा ठरत नाही. जर्मनीचं का लिहिलं नाहीत? ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित नोकरदाराचा परवाना) जोडीदाराला ए१, म्हणजे प्राथमिक पातळीच्या, जर्मनचं प्रमाणपत्र लागत नाही आणि गेल्यावर कुठलीही नोकरी करता येते. एल-२ चं तुम्हीच लिहिलंय. लोक आधीच धास्तावलेले असतात, त्यात तुम्ही पानभर भीती घालता. सगळं नीट जुळण्याची वाट बघत बसलं तर दोघं वर्षानुवर्षं वेगळे राहतील. अगदीच उशीर होत असेल तर व्हिजिटरवर जावं आणि तिथूनच अर्ज करावा.

नेमकं

टोकदार, शेवटचं वाक्य कृपा करून खोडा. कुणीतरी खरंच तसं करेल.

ब्रिटनमध्ये व्हिजिटरवरून पार्टनर व्हिसावर तिथल्या तिथे बदलताच येत नाही, परत येऊन अर्ज करावा लागतो. जर्मनीतही सर्वसाधारणपणे आधी नॅशनल व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा), मग प्रवास. अमेरिकेत विमानतळावर ‘फक्त फिरायला आलोय’ म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात लग्न करून आय-४८५ (अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) भरायचा, हे अंगाशी येतं. प्रवेशानंतर ९० दिवसांत असं काही केलं तर आधी खोटं बोललात असं परराष्ट्र खातं गृहीत धरतं, आणि खोटी माहिती सिद्ध झाली तर बंदी कायमची, वेव्हर (माफी) मिळाला तरच सुटका. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स परोलशिवाय (परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देश सोडला तर सहसा अर्जच सोडून दिला असं धरतात.

टोकदार

कॅनडात चालतं की. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) वाचा. पुढे कायम राहायचा इरादा असला तरी तात्पुरता प्रवेश मिळू शकतो, असं कायद्यातच आहे.

नेमकं

पूर्ण वाचा. मुदत संपल्यावर परत जाल हे अधिकाऱ्याला पटावं लागतं, दोन्ही गोष्टी एकाच कलमात आहेत. आणि सीमेवर जोडीदार लपवला तर खोट्या माहितीचं कलम ४०, पाच वर्षं बंदी.

‘तिथूनच अर्ज’ म्हणजे तरी कुठला? इनलँड (कॅनडात राहणाऱ्या जोडीदारांसाठीचा) की आउटलँड (बाहेरून येणाऱ्यांसाठीचा)? इनलँडमध्ये स्पॉन्सरसोबत (मागवणाऱ्या जोडीदारासोबत) एका घरात राहत असणं ही अट आहे. अर्ज चालू असताना काही कारणाने बाहेर पडलात आणि परत आत घेतलं नाही, तर अर्ज कोसळतो. नाकारला गेला तर आयएडी (इमिग्रेशनचं अपील मंडळ) कडे अपील नाही, थेट फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनरावलोकन. आउटलँडमध्ये स्पॉन्सरला अपिलाचा हक्क आहे. आणि हे बहुतेकांना ठाऊकच नसतं: कॅनडात व्हिजिटर म्हणून राहत असतानाही आउटलँड अर्ज करता येतो. व्हिजिटरची मुदतवाढ मात्र मुदत संपायच्या आत टाकायची, म्हणजे निर्णय येईपर्यंत दर्जा टिकतो. एक दिवस उशीर झाला तरी तो टिकत नाही.

टोकदार

म्हणजे चालतं! अर्धा तास भांडून माझ्याच मुद्द्यावर आलात.

नेमकं

तुमचा मुद्दा ‘व्हिजिटरवर जा’ एवढाच होता. कुठल्या देशात, कुठला अर्ज, सीमेवर काय सांगायचं, यातलं काहीही त्यात नव्हतं. ज्याचा पासपोर्ट पणाला लागतो त्याला ‘चालतं’ पुरत नाही.

दूरस्थ

दोघांनी जरा दमानं घ्या. कॅनडाचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात जास्त घरं कशामुळे अडकतात ते लिहितो. ज्याची पीआर प्रक्रिया चालू आहे त्याने मध्येच लग्न केलं आणि ते कळवलं नाही. एजंट सांगतो, ‘आधी पीआर होऊ दे, मग बायकोला स्पॉन्सर कर.’ इथेच घात होतो. नियम ११७(९)(ड) प्रमाणे पीआर होताना जो जोडीदार जाहीर केला नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांसाठीचा पीआर वर्ग) स्पॉन्सर करता येत नाही. काहींना विशेष धोरणाखाली सवलत मिळाली आहे, पण त्या भरवशावर राहू नये. जोडीदार सोबत येणार नसला तरी त्याचं नाव फॉर्मवर हवंच, आणि मेडिकलही करून घ्यायचं. लँडिंगच्या (पीआर म्हणून दाखल होण्याच्या) आदल्या दिवशी लग्न झालं तरी कळवायचं. ‘विसरलो’ हे कारण चालत नाही.

आणि लग्न हाच एक मार्ग आहे असंही नाही. कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा असेल तर कॉमन-लॉ पार्टनर (लग्नाशिवायचा जोडीदार) चालतो: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकाच पत्त्यावरची बिलं, जॉइंट खातं. ब्रिटनमध्ये किमान दोन वर्षांचं विवाहासारखं नातं दाखवता आलं तर अविवाहित पार्टनरही अर्ज करू शकतो. अमेरिकेचा के-१ व्हिसा मात्र फक्त नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराला: दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली हवी आणि पोचल्यावर ९० दिवसांत लग्न. पीआर वाल्याला के-१ नाही.

सायली_क

ब्रिटनच्या पार्टनर व्हिसाच्या उत्पन्नाच्या अटीबद्दल कुणीच बोलत नाही, त्याचा मला राग येतो. एप्रिल २०२४ पासून वर्षाला १८,६०० चे २९,००० पौंड झाले. बाहेरून अर्ज करताना अर्जदाराचा स्वतःच्या देशातला पगार मोजतच नाहीत, तो कितीही असो. ज्यांचा हिशेब बसत नाही त्यांना फक्त बचतीवर दाखवायचं तर ८८,५०० पौंड, तेही सहा महिने हलवायचे नाहीत. वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा आणि पैसे तीन वर्षांचे.

रिफ्यूजल येतो तो मोठ्या कारणाने नाही, पेस्लिपवरून येतो. एकाच नोकरीत सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पेस्लिप आणि तेवढीच बँक स्टेटमेंट. पेस्लिपवरची निव्वळ रक्कम स्टेटमेंटमध्ये जमा झालेल्या रकमेशी जुळली पाहिजे. पगार दोन खात्यांत विभागून येत असेल तर दोन्हींची स्टेटमेंट लावा. शेवटचा कागद अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांहून जुना नको. नोकरी नुकतीच बदलली असेल तर सहा महिने थांबा किंवा १२ महिन्यांचा हिशेब मांडा.

टोकदार

ठीक आहे. ‘तीन महिन्यांत’ मागे घेतो, ‘व्हिजिटरवर जा’ हेही मागे घेतो. पण जिथे डिपेंडंटला कामाची मुभा आहे तिथे तोच पहिला पर्याय, हे माझं मत कायम आहे. त्यात चूक काय ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

कागदपत्री

त्यात चूक नाही. ‘जिथे मुभा आहे तिथे’ हे काल लिहिलं असतंत तर हा धागा काढला नसता.

अनघा७

कालचा प्रश्न माझाच होता. जोडीदार कॅनडात, क्लोज्ड वर्क परमिट (एकाच कंपनीपुरता), काम टीईईआर १ मधलं (कॅनडाच्या कामांच्या श्रेणींतली वरची पातळी), परमिटचे १४ महिने उरलेत. लग्न झालेलं आहे. पीआरचा अर्ज अजून नाही.

नेमकं

मग आत्ता ओपन वर्क परमिट (जोडीदार म्हणून कुठेही काम करण्याचा परवाना) टाकू नका, नाकारला जाईल. २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या परमिटवर किमान १६ महिने उरलेले लागतात, आणि ते तुमचा अर्ज पोचतो त्या दिवशी मोजतात. आधी त्यांच्या परमिटची मुदतवाढ होऊ द्या. तोवर पोलीस सर्टिफिकेट मागवून ठेवा. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात अशा प्रत्येक देशाचं, पुढे पीआरला लागेल. आणि त्यांनी पीआरचा अर्ज केला की त्यात तुमचं नाव आहे का, ते फॉर्म उघडून स्वतः बघा.