रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचे प्रशिक्षण : निवड कशी करावी?

प्रश्न (सातारा)
माझी कन्या विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ होण्याची तिची मनापासून इच्छा आहे. खंबाटकी घाटातील अपघातांच्या बातम्या नेहमी वाचत असल्याने या कामाचे मोल मी जाणतो. परंतु अभ्यासक्रम निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर १ (मिरज)
दादा, इमारत आणि माहितीपत्रक यांपेक्षा प्रात्यक्षिक कोठे व किती होते, हे आधी विचारावे. हृदय थांबलेल्या प्रौढ रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे पुस्तकात दोन ओळींत संपते. हातांना मात्र ते पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव केल्याशिवाय साधत नाही. रुग्णालयाच्या अपघात विभागात प्रत्यक्ष काम करू न देणारा अभ्यासक्रम मी तरी सुचवणार नाही.

उत्तर २ (कराड)
वरील मताशी पूर्ण सहमत. नोकरीचाही विचार करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकांवर डॉक्टर नेमलेले असतात. त्यामुळे तेथे तंत्रज्ञाला जागा मिळेलच असे गृहीत धरू नका; पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे संस्थेला स्पष्ट विचारा. प्रमाणपत्र कोण देते, तेही लेखी घ्या.

उत्तर ३ (सांगली)
रात्रपाळी आणि रुग्ण उचलण्याचे श्रम यांची कल्पना ताईंना आधीच द्यावी. त्यानंतरही त्यांचा निर्धार कायम असेल, तर त्यांना अवश्य पाठवा.