संमतीने घटस्फोट : दोघांच्या नावचा फ्लॅट आणि चालू गृहकर्ज

तिसरा मजला
हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न, मूल नाही, दोघंही नोकरीत. वेगळे राहून दीड वर्ष झालं, भांडण काही नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज अजून १२ वर्षं आहे. ठरलंय असं की फ्लॅट नवऱ्याकडे आणि बायकोला तिच्या हिश्श्याचे पैसे एकरकमी. संमतीच्या अटींत एक परिच्छेद टाकला की झालं, असं ऐकलं. तेवढ्याने भागतं का?

कागदी घोडा
नाही भागत. हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) त्या दोघांना बांधतो, बँकेला नाही. बँक अर्जात पक्षकारच नसते. 'यापुढचे हप्ते नवरा भरेल' हे कोर्टाने मंजूर केलं तरी कर्जाच्या करारावर बायकोची सही तशीच राहते. त्याने हप्ते थकवले की नोटीस तिलाही येते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तिचाही घसरतो.

म्हणून अर्ज दाखल करायच्या आधी बँकेत जा आणि सहकर्जदाराचं नाव कमी करायला लेखी मागणी द्या. बँक नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर पात्रता नव्याने मोजते. पगार पुरला नाही तर काही मुद्दल आधी फेडा, दुसरा सहकर्जदार आणा, नाहीतर फ्लॅट विका. हे अटींवर सह्या झाल्यावर कळलं तर सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून.

मालकीचं वेगळं. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ मध्ये हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे, पण तडजोडीत दाव्याचा विषय नसलेली मिळकत घातली तर त्या मिळकतीपुरती सूट जाते. फ्लॅटचं पूर्ण वर्णन मूळ अर्जातच हवं. ते नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं. पैसे घेऊन हिस्सा सोडताय, तेव्हा मुद्रांक शुल्क वाचवायला त्याला बक्षीसपत्र (फुकट दिल्याचा दस्त) म्हणू नका, ती चलाखी पुढे अंगाशी येते. फ्लॅट गहाण असल्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्रही लागेल.

बेरीज वजाबाकी
हिस्सा काढताना लोक हमखास भरलेल्या हप्त्यांची बेरीज करतात. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे ती बेरीज दिशाभूल करते. आजच्या बाजारभावातून बाकी कर्ज वजा करा. किंमत ८० लाख, बाकी ५० लाख, तर वाटायचे ३० लाख. सुरुवातीची रक्कम कोणी किती घातली, ते त्यानंतर बघा.

हिश्श्याचा मोबदला आणि पोटगी एका आकड्यात कोंबू नका. एकरकमी पोटगी सहसा भांडवली प्राप्ती (उत्पन्न नव्हे) धरतात, तिच्यावर कर लागत नाही. दरमहाची पोटगी घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न ठरते आणि देणाऱ्याला वजावट मिळत नाही. हिश्श्याचा मोबदला भांडवली नफ्याच्या हिशेबात येतो.

आणखी एक : डिमांड ड्राफ्टची मुदत ३ महिने. कोर्टाच्या पहिल्या तारखेला काढून वकिलाकडे ठेवलेला ड्राफ्ट सहा महिन्यांनी वटत नाही. बाकीच्या रकमेचा ड्राफ्ट शेवटच्या तारखेच्या आठवड्यात काढा आणि त्याचा क्रमांक कोर्टात नोंदवून घ्या.

तिसरा मजला
सहा महिने थांबावंच लागतं? मधेच एकाने माघार घेतली तर?

कागदी घोडा
हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी वर्षभर वेगळं राहणं आणि अर्जानंतर ६ ते १८ महिन्यांत दोघांनी पुन्हा मागणी करणं, असा नियम आहे. अमरदीप सिंग खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. पण पहिल्या मागणीआधीच (म्हणजे मूळ अर्जाआधीच) दीड वर्ष वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पैशांचा निवाडा खरोखर झालेला हवा. पहिल्या मागणीनंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. तुम्ही सांगताय ते जोडपं यात बसू शकतं, पण वेगळं राहिल्याचा पुरावा हवा : भाडेकरार, वीजबिल.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सुरेष्टा देवी खटला, १९९१. तेव्हा बायकोने पूर्ण रक्कम मिळण्याआधी हक्कसोडीवर सही करू नये आणि नवऱ्याने सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नये.

बेरीज वजाबाकी
घटस्फोटाने नामनिर्देशनं (नॉमिनी) आपोआप बदलतील असं धरून चालू नका. पीएफ, विमा, डीमॅट, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्या. आरोग्य विमा एकत्र असेल तर नाव निघण्याआधी त्याच कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतर मागा. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा सुरू होऊ शकते.